सुजेशिवाय हाड जुळत नाही

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस काम करून, सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. म्हणजे चार दिवस आणि साडेनऊ तास. याच रस्त्यावर दुचाकी घसरून एखाद्याची नडगी मोडली, तर तेवढ्या वेळात त्या हाडात काय घडतं? वरवर पाहता काहीच नाही. एक्स-रेवर भेग जशीच्या तशी असते. पाय टम्म सुजलेला, कातडी ताणून चकाकणारी, कच्च्या प्लास्टरच्या पट्ट्या काचू लागलेल्या. आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांचा डॉक्टरांना एकच प्रश्न, ही सूज उतरणार कधी? सूज म्हणजे बिघाड, ती जितक्या लवकर जाईल तितकं बरं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की त्यावर शंका घ्यावी असं कोणाला वाटत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनाने ती शंका घेतली. मोडलेलं हाड जुळणार की रखडणार याचा बराचसा निकाल त्या पहिल्या चार-पाच दिवसांत लागतो, आणि तो लावण्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा वाटा मोठा असतो, असं त्यातून दिसलं. तिथूनच पुढची कल्पना निघाली: प्रतिकारशक्तीला मुद्दाम चेतवणारे रेणू वापरून रखडणारं हाड जुळवता येईल का? माझ्या मते कल्पना खरी आहे. मात्र तिचं सगळं यश वेळेवर आणि मात्रेवर अवलंबून आहे, आणि दवाखान्यात वेळेवर पोहोचणं हीच जिथे मोठी अडचण, त्या वऱ्हाडासारख्या भागात तिची खरी परीक्षा होईल.

आधी त्या चार दिवसांत डोळ्यांआड काय चालतं ते पाहू. हाड मोडताना त्याच्या आतल्या-बाहेरच्या रक्तवाहिन्या तुटतात आणि भेगेभोवती रक्त साकळून गोठतं. ही गुठळी म्हणजे साफ करून टाकायचा कचरा असावा असं वाटतं. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती धुऊन काढली तेव्हा हाड नीट जुळलं नाही. गुठळीत प्रथम न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शिरतात, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी येतात. गिळता गिळता त्या काही रेणू सोडतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतली प्रमुख नावं. या रेणूंमुळेच पाय सुजतो, ठणकतो, गरम लागतो, आणि याच रेणूंच्या हाकेला हाडावरच्या पातळ आवरणातल्या, मज्जेतल्या आणि आसपासच्या स्नायूंतल्या मूळपेशी धावून येतात. त्यांच्यापासून आधी कूर्चा बनते, कूर्चेच्या जागी कच्चं हाड येतं आणि मग पुढे कित्येक महिने त्या कच्च्या हाडाची छाटणी होऊन पक्कं हाड तयार होतं. पहिली हाकच गेली नाही तर पुढचं सगळं लांबतं. ज्या उंदरांच्या शरीरात टीएनएफ ओळखणारे ग्राहकच नव्हते, त्यांच्यात फ्रॅक्चर जुळायला उशीर झाला. ज्यांच्या भक्षकपेशी औषध देऊन संपवल्या, त्यांच्यात कच्चं हाड धड बनलंच नाही. हाडाचा अभ्यास करणारे आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे तोवर आपापल्या खोल्यांत बसत. २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात या दोन्हींच्या सांध्याला एक नाव मिळालं, ऑस्टिओइम्युनॉलॉजी, आणि तेव्हापासून ती स्वतंत्र शाखाच झाली.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी मात्र नाव नसताना ही गोष्ट कितीदा तरी पाहिली होती. हाडात जंतू शिरून पू झाला की आतला तुकडा मरतो, हे खरं. पण त्याच वेळी त्या मेलेल्या तुकड्याभोवती, हाडाच्या आवरणाखाली, नवीन हाडाचं जाड कवच उभं राहतं. लहान मुलांच्या एक्स-रेत ते इतकं ठळक दिसतं की जुन्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत त्याला वेगळं नावही आहे, इन्व्हॉल्युक्रम. म्हणजे ज्या दाहाने हाड खाल्लं त्यानेच शेजारी हाड घातलं. दुसरा पुरावा कोपराचा. कोपराला मार लागल्यावर हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून रोज चोळून घेतलं, की काही आठवड्यांनी कोपराच्या पुढच्या स्नायूतच हाड तयार होतं आणि हात वाकेनासा होतो. अस्थिरोगतज्ज्ञ याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, आणि भारतातल्या ऑर्थोपेडिक वॉर्डांना हा प्रकार चांगलाच परिचित आहे. चोळण्याने स्नायूतली जखम रोज ताजी होते, दाह रोज नव्याने पेटतो, आणि मूळपेशींना चुकीच्या जागी पुन्हा पुन्हा हाड घालण्याचा निरोप मिळतो. हाडवैद्यांवर टीका करणं सोपं आहे. पण त्यांच्या हातून नकळत झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. दाहाच्या जोरावर हाड बनवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते हवं तिथं, हवं तेवढं आणि हवं तेव्हाच बनवणं. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या रेणूंबद्दलची सगळी चर्चा शेवटी या तीन अटींशी येऊन थांबते.

वेळेची अट किती कडक आहे ते टीएनएफच्या प्रयोगांनी दाखवलं. हा रेणू डॉक्टरांच्या परिचयाचा, पण खलनायक म्हणून: संधिवातात सांधे कुरतडतो तो हाच, आणि त्याला रोखणारी इंजेक्शनं महागड्या औषधांत मोडतात. आधी लंडनमध्ये आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या जगदीप नांचाहल यांच्या गटाने २०११ साली उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मोडलेल्या हाडाच्या जागी अगदी थोडा टीएनएफ टोचला, आणि हाड लवकर जुळलं; स्नायूंतल्या मूळपेशी अधिक संख्येने भेगेकडे सरकल्या. पुढे २०१५ मध्ये त्याच गटाने ठिसूळ हाडांच्या उंदरांतही हे दाखवलं. मात्र इंजेक्शन हाड मोडल्यापासून साधारण पहिल्या चोवीस तासांत द्यावं लागे, आणि मात्रा वाढवली की फायदा उलटे. आता दुसऱ्या बाजूचा प्रयोग पाहा. मधुमेही उंदरांत फ्रॅक्चरच्या जागी टीएनएफ मुळातच जास्त असतो आणि जायचं नाव घेत नाही. तिथे कूर्चेचं हाड होण्याआधीच ती झिजवली जाते आणि जोड कच्चा राहतो. अशा उंदरांना टीएनएफ रोखणारं औषध दिलं तर जोड सुधारतो. तोच रेणू पहिल्या दिवशी उपकारक आणि तिसऱ्या आठवड्यात अपकारक. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा पाट्या लावून पावडरी आणि काढे विकणाऱ्यांनी हे प्रयोग वाचलेले नसावेत. वाढवण्याइतकंच वेळेवर थांबवणं महत्त्वाचं आहे, आणि थांबवण्याची पावडर कोणी विकत नाही.

टीएनएफ हा शरीराचा स्वतःचा रेणू. दुसरी वाट आहे ती जंतूंच्या अंगावरच्या तुकड्यांची, आणि या वाटेची सुरुवात ज्या जंतूंपासून झाली त्यांच्याशी अमरावतीचा जुना संबंध आहे. क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे जंतू एकाच कुळातले, मायकोबॅक्टेरियम. अमरावतीत शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली, त्या वेळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं आणि रुग्णांची बोटं ‘झडतात’ असा सर्वांचा समज होता. बोटं झडत नाहीत. जंतूंमुळे आणि त्यांच्याविरुद्ध पेटलेल्या दाहामुळे नसा निकामी होतात, हाताला चटका किंवा काटा कळत नाही, जखमा चिघळतात, आणि बोटातली हाडं टोकाकडून थोडी थोडी विरघळत आखूड होत जातात. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला केलेल्या कामातून हे स्पष्ट झालं. याच कुळातल्या मेलेल्या जंतूंमध्ये प्रतिकारशक्ती चेतवण्याची विलक्षण ताकद आहे हे ज्यूल्स फ्रॉइंड यांना क्षयाच्या मेलेल्या जंतूंवर काम करताना दिसलं होतं. त्या ताकदीचं मूळ कशात आहे ते शोधत शोधत फ्रेंच शास्त्रज्ञ १९७४ मध्ये एका इवल्या तुकड्यापर्यंत पोहोचले, म्युरामिल डायपेप्टाइड. जंतूच्या भिंतीचा हा सर्वांत लहान तुकडा एकटाच शरीराला ‘आत शत्रू आहे’ असं सांगायला पुरतो. त्याच्यापासून बनवलेलं मिफाम्युर्टाइड हे औषध हाडाच्या कर्करोगात भक्षकपेशींना चेतवण्यासाठी युरोपात २००९ पासून मान्य आहे. आपल्याकडेही प्राण तलवार यांनी या कुळातल्याच एका निरुपद्रवी जंतूपासून कुष्ठरोगाची लस केली. औषधोपचाराच्या जोडीला ती दिली जाई, आणि त्या जंतूच्या नावात आज त्यांचं नाव आहे, मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी. प्रतिकारशक्ती चेतवून उपचार करणं ही गोष्ट भारतीय वैद्यकाला नवखी नाही, एवढंच इथे नोंदवायचं.

हाडासाठी जंतूंचे तुकडे वापरून पाहिले ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी, आणि त्यांचा २०१७ चा एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. त्यांनी सशांच्या अंगात हाडाच्या सिमेंटच्या चकत्या ठेवल्या. परक्या वस्तूभोवती शरीर एक पातळ पडदा विणतं. त्या पडद्याच्या पिशव्या तयार झाल्यावर चकत्या काढून आत कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र ठोकळे बसवले. काही ठोकळ्यांत टीएनएफ, काहींत एका प्रकारच्या जंतूंच्या भिंतीतला लायपोटायकोइक आम्ल नावाचा रेणू, काहींत दुसऱ्या प्रकारच्या जंतूंचा लायपोपॉलिसॅकराइड. बारा आठवड्यांनी पाहिलं तर नुसत्या चेतकाने कुठेच हाड झालं नव्हतं. हाडाला जन्म देणारं बीएमपी-२ हे प्रथिन सोबत घातलं तिथे मात्र टीएनएफने आणि लायपोटायकोइक आम्लाने हाड वाढवलं, आणि लायपोपॉलिसॅकराइडने ते जवळजवळ बंद पाडलं. शेवटचे दोन्ही जंतूंचेच रेणू, दोन्ही दाह पेटवणारे, पण परिणाम विरुद्ध. ‘इम्युनिटी बूस्ट’ या शब्दांत काही अर्थ नाही याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. कोणती पेशी, कोणत्या ग्राहकामार्फत, किती वेळ चेतवली, यावर सगळं ठरतं. आणि दुसरी गोष्ट: चेतक एकटा पुरत नाही, त्याला जोडीला हाड घडवणारा निरोपही लागतो. ताज्या फ्रॅक्चरच्या जागी तो निरोप शरीर स्वतः पुरवतं. जुन्या, वाळून गेलेल्या भेगेत तो नसतो. वर्षभर न जुळलेल्या हाडात नुसतं चेतक टोचून काही होईल ही आशा त्यामुळे आताच सोडलेली बरी.

इथे सर्वांत रास्त आक्षेप येतो. आपल्याकडे हाड न जुळण्याचं एक मोठं कारण जंतुसंसर्ग आहे. शेतातल्या किंवा रस्त्यावरच्या अपघातात हाड कातडी फोडून बाहेर येतं, जखमेत माती-शेण जातं, सोयाबीनच्या मळणीयंत्रात अडकलेल्या हाताची तर दशाच विचारू नये. अशा जखमेत डॉक्टर जंतू काढायला तासन्‌तास सलाइनने धुतात, आणि तुम्ही वर जंतूचेच तुकडे घालायला निघालात? आक्षेपात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. तुकडा म्हणजे जिवंत जंतू नव्हे. तो वाढत नाही, पू करत नाही, त्याची मात्रा मोजून देता येते आणि ती संपते. जिवंत जंतूचा दोष हा की तो चेतवत राहतो, थांबत नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे: जी जखम आधीच जंतूंनी भरली आहे तिथे चेतवण्याची कमतरता नाहीच, उलट अतिरेक आहे. तिथे हा उपचार देऊ नये. म्हणजे हा उपचार ज्यांच्यात दाह कमी पडतो किंवा उशिरा पेटतो अशांचाच आहे. म्हाताऱ्या उंदरांना तरुण उंदरांचं रक्त किंवा मज्जा मिळाली तेव्हा त्यांची हाडं चांगली जुळली, हे प्रयोग याच दिशेने बोट दाखवतात. खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळलेली सत्तरीतली आजी ही या औषधाची नैसर्गिक उमेदवार आहे. मळणीयंत्रातला चिरडलेला हात नव्हे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. हाड वाढवणारं प्रथिन म्हणून बीएमपी आलं तेव्हाही असाच गाजावाजा झाला होता. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये क्षार काढून टाकलेल्या हाडात नवं हाड निर्माण करण्याची शक्ती असते हे दाखवलं, आणि २००२ साली बीएमपी-२ ला अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. त्याच वर्षी नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ४५० रुग्णांवरच्या चाचणीत जास्त मात्रेने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण औषध मिलिग्रॅममध्ये द्यावं लागे, शरीरात असतं त्याच्या कित्येक पट. २००८ मध्ये मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळ्याला जीवघेणी सूज आल्याच्या घटनांवरून अमेरिकी औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. भाव असा की सर्वसामान्य रुग्णाने नावही काढू नये. यावर माझं उत्तर असं: बीएमपी फसलं ते मात्रेत, तत्त्वात नव्हे, आणि उट्रेख्टच्या सशांनी सुचवलेला मार्ग, म्हणजे थोड्या चेतकाने थोड्याच बीएमपीचं काम वाढवणं, हा मात्रा कमी करण्याचाच मार्ग आहे. शिवाय दाहाचा उपयोग करून हाड उगवण्याचा एक स्वस्त प्रकार आजही चालतो. फ्रान्समधल्या मास्केले यांच्या पद्धतीत हाडाचा मोठा तुकडा गेलेल्या जागी सर्जन साधं सिमेंट भरतात, सहा ते आठ आठवडे थांबतात, सिमेंटभोवती शरीराने विणलेला पडदा जपून उघडतात आणि त्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरतात. पडदा हाड घडवणारे रेणू सोडत राहतो. हा पडदा म्हणजे परक्या वस्तूवरची प्रतिकारशक्तीची प्रतिक्रियाच. लाखो रुपयांच्या प्रथिनाऐवजी काही चमचे सिमेंट आणि दोन महिन्यांचा धीर.

मग रोजच्या वेदनाशामकांचं काय? हात मोडला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, सुई, वर मलम, हे आपल्याकडे ठरलेलं. ही औषधं कॉक्स नावाच्या विकरांना अडवतात, आणि त्यांतलं कॉक्स-२ हे हाड जुळण्याच्या सुरुवातीला लागतं. ते नसलेल्या उंदरांत फ्रॅक्चर रखडतं हे २००२ मध्ये दिसलं. माणसांत अमेरिकेतला २००३ चा एक अभ्यास बोलका आहे. खुब्याच्या खोबणीच्या शस्त्रक्रियेनंतर चुकीच्या जागी हाड वाढू नये म्हणून काहींना सहा आठवडे इंडोमेथॅसिन दिलं. त्यांच्यातल्या ज्यांचं हातापायाचंही लांब हाड मोडलं होतं, त्यांच्यापैकी २६ टक्क्यांचं ते हाड जुळलं नाही, औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. उलट बाजूचे पुरावेही आहेत: लहान मुलांत थोडे दिवस आयबुप्रोफेन दिल्याने जुळण्यावर परिणाम झालेला दिसत नाही. म्हणून कोणी कळ सोसत पडावं असं मी म्हणणार नाही. ठणकणारा माणूस झोपत नाही, जेवत नाही, आणि त्यानेही हाडाचं भलं होत नाही. पण तीन-चार दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांना न विचारता महिनाभर चालू ठेवलेल्या गोळ्या यांत फरक आहे, आणि स्टिरॉइडच्या बेनाम पुड्या तर या चर्चेत बसतच नाहीत. प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध उद्या आलंच, तर एका हाताने ते टोचून दुसऱ्या हाताने दाह विझवणाऱ्या गोळ्या देण्यात काय हशील, हा साधा प्रश्न आधी सोडवावा लागेल. हाड जुळावं म्हणून वापरल्या जाणाऱ्या कांडवेल या वनस्पतीच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे: बनारसला उडुपा आणि प्रसाद यांनी १९६० च्या दशकात उंदरांत तिच्याने फ्रॅक्चर लवकर भरल्याचं नोंदवलं, तर इतर प्रयोगांत ती दाह कमी करते असं आढळलं. दोन्ही खरं असेल तर तिची वेळ पहिल्या आठवड्याची नसावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे सगळं उंदरांचं, माणसांचं काय? प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो, आणि त्याची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी कोरी असते हे २०१६ मध्ये पाळीव दुकानांतल्या उंदरांशी तुलना करून दाखवण्यात आलं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं की ज्या रुग्णांच्या रक्तात एका प्रकारच्या जुन्या, मुरलेल्या टी-पेशी जास्त होत्या, त्यांची फ्रॅक्चरं उशिरा जुळत होती. या पेशी आयुष्यभराच्या संसर्गांतून साठतात. सायटोमेगॅलो हा विषाणू त्यांना विशेष वाढवतो, आणि भारतात बहुतेक प्रौढांना तो होऊन गेलेला असतो. म्हणजे लहानपणापासून ताप, जुलाब, जखमा भोगलेल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची प्रतिकारशक्ती त्या पिंजऱ्यातल्या उंदरापासून जितकी दूर असू शकते तितकी आहे. त्यात तंबाखू: विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा रखडतात याचा पुरावा भक्कम आहे, आणि वाढती शुगर वेगळी. उंदरावरून थेट माणसावर उडी मारण्याऐवजी मधली पायरी घ्यायला हवी, आणि ती अकोल्यात आहे. तिथल्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेकडे येणारी शेळी उघड्यावर वाढलेली, जंत-गोचीड सोसलेली, खरीखुरी ‘अनुभवी’ प्रतिकारशक्ती असलेली असते. तिचं हाड वजनाने आणि जाडीने उंदराच्या हाडापेक्षा माणसाच्या हाडाच्या कितीतरी जवळ. पाय मोडलेल्या शेळीला मालक सहसा विकून मोकळा होतो; तिच्यावर चेतक रेणूंची चाचणी झाली तर शेळीही वाचेल आणि माणसासाठी उपयोगाची माहितीही मिळेल.

अमरावती जिल्ह्यात एक धोकाही आहे, जो युरोपातल्या चाचण्यांना सहज दिसणार नाही. मेळघाटातल्या कोरकूंसह विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो. या आजारात रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्या बंद पाडतात. हाडाचे भाग मरतात, खुब्याचा गोळा बसतो, हाडात संसर्ग होतो. म्हणजे हाड जुळवण्याची गरज यांना इतरांपेक्षा जास्त. आणि चेतकांचा धोकाही यांनाच जास्त. पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ हे औषध, ज्याचा हाड जुळवण्यासाठीही विचार झाला आहे, सिकलसेलच्या रुग्णांत तीव्र वेदनांचे झटके आणि मृत्यू घडवू शकतं. त्याच्या माहितीपत्रकावर तसा इशारा छापलेला असतो. चिकटलेल्या पांढऱ्या पेशी वाहिन्या आणखी तुंबवतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, तपासणीची कार्डंही वाटली जात आहेत. दाह चेतवणारं कोणतंही इंजेक्शन अमरावती जिल्ह्यात देण्याआधी ते कार्ड पाहावंच लागेल. तसंच कुष्ठरोगाच्या जुन्या रुग्णांचं: उपचार सुरू असताना किंवा संपल्यावरही प्रतिकारशक्ती अचानक भडकून नसा सुजतात, ज्याला दवाखान्यात ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि ती स्टिरॉइड देऊन शांत करावी लागते. अशा माणसाला चेतक देणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

आता पुन्हा चोवीस तासांच्या अटीकडे. धारणीजवळच्या एखाद्या गावात संध्याकाळी झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं, तर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पोहोचायला सुमारे दीडशे किलोमीटर, हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाटातला रस्ता. आधी हाडवैद्य, मग धारणीचं उपजिल्हा रुग्णालय, मग रेफर, मग वाहन. दुसऱ्या दिवसाची दुपार व्हायला वेळ लागत नाही. इर्विनच्या किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं टीएनएफ अशा रुग्णाला उपयोगाचं नाही. ते प्रथिन आहे, थंड साखळी मोडली की वाया जातं. म्युरामिल डायपेप्टाइडसारखे लहान, कारखान्यात बनवता येणारे रेणू इतके नाजूक नसतात. संशोधकांनी निवड करताना कोणता रेणू उंदरात दोन टक्के अधिक हाड देतो यापेक्षा कोणता रेणू मे महिन्यातल्या धारणीच्या औषधपेटीत टिकतो, हे आधी विचारावं असं मला वाटतं. आणि चाचणी घ्यायची तर शेवटपर्यंत रुग्णाचा माग ठेवावा लागेल. हाड जुळलं नाही असं म्हणायला साधारणपणे नऊ महिने थांबण्याची, आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नसल्याची अट असते. मेळघाटातला मजूर त्या नऊ महिन्यांत पेरणी, कापूस वेचणी किंवा कामासाठी बाहेरगावी गेलेला असतो, आणि एका एक्स-रेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून तो येत नाही. त्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी चाचणीच्या अंदाजपत्रकात औषधाच्या किमतीआधी लिहावी लागेल.